पुण्यात जागा घ्यावी की घरीच मोबाइल लावावा?

राज्यसेवेची, म्हणजे एमपीएससीच्या अधिकारीपदांच्या परीक्षेची, तयारी करायची म्हटलं की घरात पहिला वाद हाच: पुणे की ऑनलाइन? मी दोन्ही केलंय. दोन वर्षं सदाशिव पेठेत काढली, २०२०च्या लॉकडाउनमध्ये गादी-पुस्तकं बांधून गावी आलो आणि पुढचं सगळं ऑनलाइन.

शिकवण्यात फारसा फरक नाही, हे आधीच सांगतो. क्लासात तीनेकशे पोरं; मागे बसून मी वर्षभरात सरांना एक प्रश्न विचारला नाही. ऑनलाइनवर निदान डोक्यात शिरेपर्यंत तेच लेक्चर पुन्हा लावता आलं. पैशाचं तर बोलायलाच नको. कॉट बेसिसची खोली (म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत आपली एक खाट), मेस, अभ्यासिका, दर महिन्याला तिन्ही.

खरा फरक अभ्यासिकेच्या जिन्याखाली. चार वाजता आम्ही चौघं चहाला उतरायचो आणि कटिंग संपेस्तोवर एकमेकांना प्रश्न टाकायचो. राज्यपालांचा वटहुकूम किती टिकतो? मी ठोकलं, "सहा महिने." नांदेडचा मित्र ग्लास खाली ठेवून म्हणाला, "सहा आठवडे रे! तेही अधिवेशन पुन्हा भरल्यापासून." सगळे हसले. राज्यघटनेतलं ते कलम २१३ आजही विसरलेलो नाही. गावी ऑनलाइन टेस्टमध्ये अशा कितीतरी लाल फुल्या आल्या. स्पष्टीकरण वाचलं, पुढे सरकलो, पुन्हा चुकलो. (चहाचा धोकाही आहे. आमच्यातला एक जण तीन वर्षं चहालाच होता.)

घरी आणखी एक त्रास: "घरीच आहेस ना, दळण आण." बहिणीची ऑनलाइन लेक्चरं तर हमखास स्वयंपाकाच्या वेळेला यायची.

२०२५पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, म्हणजे उत्तरं सविस्तर लिहायची. नऊ पेपर, त्यातले गुणवत्तेत धरले जाणारे सात, १७५० गुणांचे. वर २७५ची मुलाखत. इथे ऑनलाइन लंगडं पडतं. उत्तराची पीडीएफ पाठवली की आठवड्याने "चांगला प्रयत्न" येतं. मित्र मात्र वाचता वाचताच म्हणतो, "प्रश्न काय आणि तू लिहिलंयस काय!"

तेव्हा एमपीएससीचीच संयुक्त गट ब किंवा गट क परीक्षा देणार असाल तर ती वस्तुनिष्ठच, म्हणजे पर्याय निवडायची आहे. घरीच राहा, सराव चाचण्या सोडवा. राज्यसेवा असेल तर पूर्वपरीक्षेपर्यंत घरी, मुख्यसाठी तीन-चार महिने पुणे, तेही क्लास न लावता नुसती अभ्यासिका. तालुक्याची अभ्यासिकाही चालेल. फक्त पैसे भरण्याआधी दोन दिवस तिथे बसून बघा, तुमचं उत्तर वाचून तोंडावर बोलेल असं कोणी आहे का.