‘सगळीकडं चालतंय’ म्हणून घेतलेला ट्रॅव्हल अडॅप्टर

कामानिमित्त गेल्या वर्षभरात इंग्लंड, जर्मनी आणि जपान अशा तीन देशांत जाणे झाले. पहिल्या प्रवासाआधी राजारामपुरीतील एका दुकानातून १,१५० रुपयांना युनिव्हर्सल अडॅप्टर घेतला. मुठीत मावेल एवढा काळा ठोकळा, बाजूचे खटके सरकवले की हव्या त्या देशाच्या पिना बाहेर येतात आणि खालच्या अंगाला यूएसबीची तीन भोके. ‘‘साहेब, कुठंबी न्या, सगळीकडं चालतंय,’’ असे दुकानदार म्हणाला. ठोकळा खरोखरच बहुतेक ठिकाणी चालला. मात्र त्यात खोचलेली वस्तू चालेलच असे नसते, हे शिरोलीच्या फौंड्रीत मोटारींच्या सहवासात निम्मे आयुष्य घालवलेल्या मला ओसाकात जाऊन आठवावे लागले.

इंग्लंडमध्ये काही अडले नाही. तिथला वीजपुरवठा आपल्यासारखाच २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झचा. वेगळ्या आहेत त्या फक्त चौकोनी पिना. तिथल्या सॉकेटची खालची दोन भोके झाकलेली असतात आणि वरची लांब पिन आत गेल्यावरच उघडतात. अडॅप्टरची ती पिन प्लॅस्टिकची आहे, त्यामुळे झाकण उघडते, पण अर्थिंग मिळत नाही. आपला तीन पिनांचा प्लग वरच्या बाजूने व्यवस्थित बसतो म्हणून सगळे जोडले गेले असे वाटते. परत आल्यावर मीटर लावून पाहिले, तर अर्थिंगच्या भोकात पत्रीच नव्हती. मोबाइलच्या दोन पिनांच्या चार्जरला त्याने फरक पडत नाही, धातूच्या भांड्याच्या किटलीला पडतो. खोक्यावर याचा उल्लेख नसावा, ही माझी पहिली तक्रार.

जर्मनीत अडचण निराळीच निघाली. तिथले सॉकेट भिंतीत वाटीसारखे खोल गेलेले गोल असते आणि हा चौकोनी ठोकळा त्या वाटीत उतरतच नाही; पिना जेमतेम टेकतात आणि थोड्या वेळाने ठोकळा आपल्याच वजनाने बाहेर येतो. गंमत अशी की, घरून नेलेला मोबाइलचा बारीक गोल पिनांचा चार्जर त्याच सॉकेटमध्ये अडॅप्टरशिवाय नीट बसला.

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आणि अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. टोकियोकडे ५० हर्ट्‌झ, ओसाकाकडे ६०. लॅपटॉपच्या आणि मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असे छापलेले होते, त्यामुळे त्यांना काही झाले नाही. मी मात्र सकाळच्या चहासाठी इथली १,५०० वॅटची किटली नेली होती. व्होल्टेज निम्म्याहून कमी झाले की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे १,५०० वॅटचे जेमतेम २८० वॅट उरतात. घरी दोन-तीन मिनिटांत उकळणारे अर्धा लिटर पाणी तिथे बारा मिनिटांनी कुठे कढत झाले, आणि हॉटेलची स्वतःची किटली कपाटात ठेवलेली होती, हे दुसऱ्या दिवशी दिसले. खोक्यावर ‘कमाल १,८४० वॅट’ असे ठळक छापले आहे. आत ८ अँपिअरचा फ्यूज असल्याने हा आकडा २३० व्होल्टलाच खरा ठरतो, १०० व्होल्टला तो ८०० वर येतो. ही दुसरी तक्रार.

माझे नशीब चांगले, कारण चूक उलट्या दिशेने झाली असती तर महागात पडली असती. आमच्या एका सहकाऱ्याने जपानहून केवळ १०० व्होल्टचा राइस कुकर आणला आणि असाच अडॅप्टर लावून इथे सुरू केला. पाचपटीहून अधिक उष्णता तयार झाली, स्वयंपाकघरात जळका वास सुटला आणि भात व्हायच्या आत कुकर गेला. अशा वस्तूला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि कुकरच्या वॅटचा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड असतो.

यूएसबीबद्दल मात्र समाधान आहे. मोबाइल, घड्याळ आणि पॉवर बँक रात्रभर एकत्र लावूनही ठोकळा कोमटच राहिला. लॅपटॉपला त्याचा टाइप-सी पुरत नाही, मूळ चार्जर सोबत ठेवावाच लागतो.

केवळ मोबाइल-लॅपटॉप नेणाऱ्याने आणि एका खेपेत दोन-तीन देश करणाऱ्याने हा अडॅप्टर घ्यायला हरकत नाही. एकाच देशात जायचे असेल, तर एवढे पैसे घालू नयेत. पुढच्या जपानवारीसाठी मी त्याच दुकानातून दोन चपट्या पिनांचा साधा अडॅप्टर ८० रुपयांना घेतला आहे, आणि किटली घरीच राहणार आहे.