कुत्रा की मांजर? मावशीचा प्रश्न

काका गेल्यापासून मावशीला घर खायला उठतं. वय 66, शुगर, बीपी, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. "कुत्रा आणू की मांजर?" तिनं विचारलं, तेव्हा मी आधी जिने मोजले.

तब्येतीच्या हिशोबात कुत्रा पुढे. प्राणी, त्यातही कुत्रा, पाळण्याचा हृदयविकाराचा धोका कमी असण्याशी संबंध असू शकतो, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2013 मध्ये म्हटलं होतं. यात जादू नाही. तो सकाळ-संध्याकाळ पट्टा तोंडात धरून दारात उभा राहतो; गुडघे कुरकुरले तरी चालावंच लागतं. शिवाय खाली "नाव काय हो याचं?" म्हणत चार माणसं बोलतात. एकट्या माणसाला हेही औषधच. पण पावसाळ्यात ओल्या जिन्यावर हिसका बसला, तर खुबा मोडायचा!

मांजर चालवत नाही. मांडीवर घुरघुरत बसते, शी-शू ट्रेमध्ये करते. मात्र तिच्या लाळेतलं अ‍ॅलर्जी करणारं प्रथिन केसांवर वाळून घरभर पसरतं. दमा असेल तर आधी ओळखीच्या मांजरवाल्या घरी तासभर बसून बघावं.

खर्चात कुत्रा जड, विशेषतः मोठा. रेबीजची लस दोघांनाही हवीच.

तळमजला, धड गुडघे आणि चालायचा कंटाळा असेल, तर शांत स्वभावाचा, वयानं मोठा देशी कुत्रा दत्तक घ्या, पिल्लू नको. मावशीला मी मांजरच सुचवली. फिरायला मावशीला शेजारच्या काकू नेतील.