डाय देऊन हृदयाचा सीटी: रत्नागिरीतलं सेंटर, खेपा दोन

आधी दोन स्टार दिले होते, आता साडेतीन करतोय. सेंटरचं नाव मुद्दाम गाळलंय. चूक त्यांची, पण निस्तरलीही त्यांनीच.

अण्णा ८२ वर्षांचे. देवगडात घरून कलमांच्या बागेत जायची घाटी चढताना तीन-तीनदा बसायला लागले. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीची झडप ०.७ चौ. सेंमी. उघडत होती, धडधाकट माणसाची ३-४ उघडते. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, छाती न उघडता जांघेतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवू, टाव्ही. (पहिली टाव्ही २००२ साली फ्रान्समध्ये झाली. अण्णा रिटायर झाले त्याच सुमाराला!) पण आधी सीटी आणा.

पहाटे पाचला गाडी काढली, जैतापूर-पावस करत नऊला पोचलो. व्हीलचेअर दारात. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बघितल्याशिवाय आत घेतलं नाही, हे आवडलं. डाय, म्हणजे फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध, मूत्रपिंडांतूनच बाहेर जातो आणि अण्णांचं क्रिएटिनिन १.४, म्हणजे थोडं वरच होतं. कोपराच्या लवणीत जाड सुई टोचली. मशीनमध्ये 'श्वास रोखून धरा' म्हटल्यावर अण्णा टेक्निशियनला म्हणाले, "झिला, श्वास धर म्हणतस, पण आधी तो गावाक होयो मां!" डाय गेल्यावर अंग गरम होऊन लघवी झाल्यासारखं वाटतं, हे मात्र कोणी आधी सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर अण्णा धोतर चाचपत बसले. धोतर कोरडं होतं.

सीडी मुंबईला गेली आणि परत फिरली. ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून स्कॅन (याला 'गेटिंग' म्हणतात) घेतलाच नव्हता, त्यामुळे झडपेच्या कडा हललेल्या. आणि फोटो पोटापाशीच संपलेले, जांघेपर्यंत नव्हतेच. म्हणजे नळी ज्या वाटेने जाणार ती वाटच गायब!

तेव्हा चिडून दोन स्टार दिले. डॉक्टरांनी फोनवर समजावलं. झडपेचं कडं गोल नसतं, लंबगोल असतं. साध्या इकोत त्याची एकच बाजू मोजली जाते. नवी झडप लहान पडली तर कडेने गळती, मोठी घातली तर कडं फाटायची भीती. शिवाय जुनी झडप काढत नाहीत, बाजूला दाबतात. ती हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांच्या तोंडावर येईल का, तेही सीटीवरच कळतं.

सेंटरला फोन केला. हुज्जत नाही. त्यांच्या रेडिओलॉजिस्टनी स्वतः मुंबईला बोलून काय हवं ते लिहून घेतलं. दोन आठवडे थांबून, क्रिएटिनिन परत तपासून पुन्हा बोलावलं. पैसे फक्त डायचे घेतले. या खेपेला छातीला ईसीजीच्या तारा, आणि स्कॅन गळ्यापासून मांडीपर्यंत. कडं २१ बाय २७ मिमी. उजवी रक्तवाहिनी ७ मिमी, डावीत चुना साचलेला. उजवीकडून जायचं ठरलं.

दीड स्टार कापलाय तो पहिल्या खेपेच्या डायसाठी. ८२ वर्षांच्या माणसाला तो दोनदा का द्यावा लागला? चिठ्ठीवर 'टाव्हीसाठी' असं स्वच्छ लिहिलं होतं. तुम्ही जाणार असाल तर 'गेटिंग करणार ना, जांघेपर्यंत घेणार ना' हे काउंटरवरच विचारा, लाजू नका.

आणि सीडीच देतात अजून. घरातल्या एकाही लॅपटॉपला ती लागत नाही. पेनड्राइव्ह सोबत न्या, मागितला तर भरून देतात.