गॅप की केटी? रूळ उखडलेल्या वाटेवरून सायकल न्यायची तर कुठल्या

अमेरिकेत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून चालायला आणि सायकलला मोकळ्या केलेल्या वाटा पुष्कळ आहेत. पण चार-पाच दिवस सलग सायकल चालवायची म्हटलं की फिरून फिरून दोन नावं पुढे येतात. एक, मेरीलँडमधल्या कंबरलंडपासून पिट्सबर्गपर्यंत जाणारा १५० मैलांचा ग्रेट अलेगेनी पॅसेज. त्याला सगळे ‘गॅप’च म्हणतात. दुसरा मिझुरीतला केटी ट्रेल, सेंट लुईसच्या उत्तरेकडून पश्चिमेला क्लिंटनपर्यंत, सुमारे २४० मैल. दोन्ही फुकट, परवाना लागत नाही, मोटारी नाहीत, आणि बहुतेक अंतर दाबून बसवलेली चुनखडीची बारीक खडी. वरवर पाहता सारखेच. निवड ठरते ती चढ, ऊन आणि परतीची गाडी यांवर.

आधी चढ. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून अशा वाटा मुळातच सौम्य असतात. गॅपवर सगळ्यात तीव्र चढ पावणेदोन टक्के, म्हणजे साधारण ५७ ला १. आपल्या बोरघाटात रेल्वे ३७ ला १ चढते, त्यावरून अंदाज घ्या. पण सौम्य असला तरी हा चढ संपत नाही. कंबरलंडहून निघालात तर पहिल्या २४ मैलांत सुमारे ५४० मीटर चढून ७२९ मीटर उंचीवरच्या पाणलोटाच्या माथ्यावर पोहोचता. मध्ये सपाटी अशी नाहीच, त्यामुळे पाय थांबवून दम खाता येत नाही. सामान लादलेल्या सायकलवर हे तीन ते चार तासांचं काम. माथा गाठला की पिट्सबर्गपर्यंतचे सव्वाशे मैल हलका उतार.

उलट दिशेने आलात तर? सव्वाशे मैल पाव टक्क्याचा चढ. डोळ्यांना दिसत नाही, पण संध्याकाळी मांड्यांना कळतो. शेवटचे २४ मैल मात्र सुसाट, आणि त्यासाठीच बरेच जण पिट्सबर्गहून निघतात. आमचं मत कंबरलंडहून निघायचं: पहिल्या सकाळी पाय ताजे असताना कष्ट उरकून टाकावेत. उलटे आलात तर ब्रेकचे रबर निम्म्यावर घासलेले नसावेत, कारण या उतारावर पायी चालणारेही असतात.

केटीला असा घाट नाही. बूनव्हिलच्या पूर्वेला तो मिझुरी नदीच्या काठाने जवळजवळ सपाट जातो, एका हाताला चुनखडीचे उभे कडे, दुसऱ्या हाताला नदी किंवा शेतं. पश्चिमेचा भाग, क्लिंटन ते बूनव्हिल, लाटेसारखा वर-खाली होतो. म्हणून क्लिंटनहून पूर्वेला यावं. चढउतार आधी संपतात, आणि वाराही बहुधा पाठीवर असतो.

आता ऋतू. गॅपवरचा बिग सॅव्हेज बोगदा ३३०० फूट लांब आहे. आत झिरपणारं पाणी गोठून अस्तराला तडे जाऊ नयेत म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून साधारण एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत त्याची दारं बंद असतात. वळसा घालायला सोयीचा रस्ता नाही, डोंगरी रस्त्यांवरून मोटारींमध्ये घुसून जावं लागतं. त्यामुळे गॅप एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंतच धरा, आणि निघण्याआधी बोगदा उघडा आहे याची खात्री करा. आत दिवे आहेत, तरी स्वतःचा दिवा न्या. जुलैतही आत गारठा असतो. कंबरलंड ते फ्रॉस्टबर्ग मात्र वाटेच्या शेजारचे रूळ अजून जिवंत आहेत. तिथे पर्यटकांची गाडी धावते आणि ब्रश बोगदा तिच्यासोबत वाटून घ्यावा लागतो. शिट्टी ऐकू आली तर बाहेरच थांबा.

केटीवरचा बोगदा एकच, रोशपोर्टचा, १८९३ सालचा, २४३ फुटांचा. तिथली डोकेदुखी वेगळी: ऊन आणि पूर. गॅपचा बराचसा भाग झाडीतून जातो. केटीवर मका-सोयाबीनच्या शेतांमधले लांब पट्टे उघडे आहेत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ३५ अंश तापमानात दमट हवा अंगावर येते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, एवढेच महिने. त्यातही वसंतात नदी फुगली तर खालचे पट्टे बंद होतात. १९९३ आणि २०१९ च्या पुरांनी वाटेची बरीच नासधूस केली होती. मुळात या मार्गावरची रेल्वे बंद पडली तीही १९८६ च्या पुरानंतर.

पाणी आणि खाणं यात गॅप सरळ पुढे आहे. ११ ते २५ मैलांच्या आत पुढचं गाव येतंच: फ्रॉस्टबर्ग, मायर्सडेल, रॉकवुड, कॉन्फ्लुअन्स, ओहायोपाइल, कॉनेल्सव्हिल, वेस्ट न्यूटन. केटीवर जेफरसन सिटी ते हर्मन हा ४२ मैलांचा टप्पा एक-दोन दुकानांच्या गावांचा, आणि आठवड्याच्या मधल्या वारी ती दुकानंही बंद सापडतात. तीन लिटर पाणी आणि एका जेवणाचा ऐवज जवळ ठेवा. शाकाहारींनी तर नक्कीच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस सहज टिकते.

परतीच्या गाडीत केटी बाजी मारतो. सेंट लुईस-कॅन्सस सिटी मार्गावरची ‘मिझुरी रिव्हर रनर’ वॉशिंग्टन, हर्मन, जेफरसन सिटी आणि सेडेलिया इथे थांबते, तीही दिवसा. म्हणजे पूर्ण वाट न करता हवा तो तुकडा तोडता येतो. लक्षात ठेवा, पहिली तीन स्थानकं नदीच्या पलीकडच्या काठावर आहेत, पूल ओलांडावा लागतो. जेफरसन सिटीच्या पुलाला सायकलींसाठी वेगळी मार्गिका आहे. गॅपवर अ‍ॅमट्रॅकची (अमेरिकेतली प्रवासी रेल्वे) लांब पल्ल्याची गाडी दिवसातून एकदाच, कंबरलंड, कॉनेल्सव्हिल आणि पिट्सबर्गला. पिट्सबर्गला ती अवेळी येते, पूर्वेकडे जाणारी तर पहाटे. सायकलीच्या जागा मोजक्या आणि आधी राखून ठेवायच्या. न मिळाल्यास सायकलसह नेणाऱ्या खासगी व्हॅन आहेत, महाग पडतात.

टायर दोन्हीकडे ३५ ते ४० मिमी. रोडबाइकचे २५ मिमीचे टायर कोरड्यात चालतात, पावसात रुततात. ओली चुनखडी म्हणजे पातळ कालवलेला चुनाच: चाक आणि मडगार्डमध्ये साठतो, ब्रेकवर वाळून कडक होतो. अशा वेळी लोक घाईने चेनवर तेल सोडतात आणि तिथेच फसतात. तेल आणि चुनखडी मिळून घासकामाची पेस्ट तयार होते आणि चेन, दाते दोन्ही खाते. आधी बाटलीतल्या पाण्याने चेन धुवा, सुकू द्या, फडक्याने पुसा, मग दर कडीला एक थेंब, आणि पुन्हा पुसा.

दिवसांचा हिशोब: गॅप चार दिवसांत आरामात होतो. पहिला मुक्काम रॉकवुड (४४ मैल), मग ओहायोपाइल (२८), वेस्ट न्यूटन (४२), आणि पिट्सबर्ग (३६). केटीला सेंट चार्ल्सपर्यंत पाच दिवस, आणि शेवटचा टप्पा हर्मनपासून तब्बल ६१ मैलांचा. तो मार्थासव्हिल किंवा ऑगस्टाला तोडून सहा दिवस करावेत.

पहिल्यांदाच जात असाल तर गॅप. रजा तुटपुंजी असेल किंवा सेंट लुईसच्या जवळ राहत असाल तर केटीचा एक तुकडा. लहान मुलं बरोबर असतील तर पूर्ण वाटेचा नादच नको: गॅपवर कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल हे ११ मैल, हलका उतार आणि शेवटी धबधबा, केटीवर मॅकबेन ते रोशपोर्ट हे ९ मैल, कड्यांच्या पायथ्याने, आणि शेवटी बोगदा.