अडकलेल्या दातासाठी ओपीजी की सीबीसीटी?

वरचा सुळा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो. तो वेळेवर दिसला नाही, तर आधी ओपीजीच (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढावा, असे मला ठामपणे वाटते, कारण एकाच चित्रात दोन्ही जबडे आणि न आलेले दात दिसतात. मात्र हे चित्र सपाट असते: सुळा टाळूकडे आहे की ओठाकडे, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही, आणि शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ झिजू लागले असेल, तर ती झीज सुळ्याच्या सावलीत झाकली जाऊ शकते. सीबीसीटी (दात-जबड्याचा एक प्रकारचा सीटी स्कॅन) त्रिमितीय असल्याने नेमकी हीच झीज पातळ कापांमध्ये उलगडून दाखवतो. अक्कलदाढेचे मूळ खालच्या जबड्यातील नसेच्या किती जवळ आहे, हेही त्यात स्पष्ट होते. सीबीसीटीत किरणोत्सर्ग ओपीजीपेक्षा सहसा जास्त असल्याने, मुलांमध्ये हा स्कॅन उपचाराचा निर्णय बदलणार असेल तरच आणि तेवढ्याच भागापुरता काढावा.