खड्ड्याची तक्रार: ॲपवर टाकायची की झोन ऑफिसात द्यायची?

आपल्याकडे सोलापुरात खरा पाऊस येतो तो सप्टेंबरात, आणि काळ्या मातीवरचे रस्ते खचतात तेही तेव्हाच. या आठवड्यात दोघा-तिघांनी विचारलं, तक्रार महापालिकेच्या ॲपवर टाकावी की झोन ऑफिसात जाऊन लेखी अर्ज द्यावा? मी दोन्ही करून पाहिलंय.

ॲपची सोय नाकारता येत नाही. गाडी बाजूला लावायची, फोटो काढायचा, दोन मिनिटांत तक्रार क्रमांक मेसेजवर. सात रस्ता चौकाजवळच्या एका खड्ड्याची तक्रार मी अशीच टाकली होती, चौथ्या दिवशी तिथे डांबर पडलेलं दिसलं. खड्डा, बंद दिवा, कचरा, म्हणजे काम कुठल्या खात्याचं हे उघड असेल, तिथे मी आजही ॲपच वापरतो.

फुटपाथवरच्या चेंबरचं मात्र तसं नाही. जुळे सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चेंबरचं सिमेंटचं झाकण मधोमध फुटलं होतं, सळया वर आलेल्या. कुणीतरी त्यात कडुलिंबाची फांदी खोचून लाल फडकं बांधलं होतं. शेजारच्या आजी सकाळी देवळात निघाल्या की तिथे थांबायच्या, काठीने कड चाचपायच्या आणि रस्त्यावर उतरून वळसा घ्यायच्या. मागून रिक्षा येत असायच्या.

ॲपमध्ये खातं निवडावं लागतं, तेही एकच. मी ‘रस्ते’ निवडलं. तीन दिवसांनी ‘या विभागाशी संबंधित नाही’ असं सांगून तक्रार बंद. मग ‘ड्रेनेज’ निवडलं, तर चेंबर पाण्याच्या व्हॉल्व्हचा निघाला. पुन्हा बंद. दर वेळी नवा क्रमांक, नवी तारीख. महिना उलटला होता आणि नोंदीत माझी तक्रार दोन दिवसांपूर्वीची दिसत होती. आजी महिनाभर जीव मुठीत धरून चालत होत्या, याचा कुठे मागमूसच नाही. मला जे खटकलं ते हेच.

अर्जाला अर्धा दिवस मोडतो, हे खरं. नोकरी असेल तर रजा टाकावी लागते. दोन प्रती, सोबत फोटोची प्रिंट, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह (अर्ज मिळाल्याच्या नोंदीचा नंबर) शिक्का. टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला, ‘सर, हे पाण्याकडं जातंय’ म्हणाल्या आणि कोपऱ्यात खात्याचं नाव लिहिलं. खातं चुकलं तरी कागद पुढे सरकतो, बंद होत नाही. पंधरा दिवसांनी मी स्मरणपत्र दिलं, त्यात संदर्भ म्हणून पहिल्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक घातला. पुढच्या आठवड्यात नवं झाकण बसलं.

तारखेला मी एवढा धरून बसतो त्याला कारण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, खड्डा निदर्शनास आणल्यापासून ४८ तासांत बुजवायचा, असं बजावलं. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख रुपये, जखमींना ५० हजार ते अडीच लाखांपर्यंत भरपाई ठरवली. निदर्शनास कधी आणलं हे दाखवायला शिक्क्याची प्रत हातात असलेली बरी. माहिती अधिकाराचा अर्जही सोपा होतो: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि अमुक आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली, एवढंच विचारायचं. उत्तराची मुदत ३० दिवस.

माझा अनुभव चार-पाच तक्रारींचा, तुमच्या भागात ॲपवरच काम होत असेल तर उत्तमच. राष्ट्रीय महामार्गावर मात्र दोन्हीत वेळ घालवू नका, सरळ महामार्गाची हेल्पलाइन १०३३ लावा. पण माणूस पडेल अशी जागा असेल आणि खातं कुठलं ते कळत नसेल, तर मी अर्जच देईन. जागा लिहिताना ‘अमक्या दुकानासमोर’ असं लिहू नका, दुकानं बदलतात. जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर घाला. आणि शिक्का मारलेल्या प्रतीचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ती शाई फार लवकर उडते.