झिरो डेप पॉलिसी, अकरा महिन्यांनंतर: पैसे मिळाले, एनसीबी गेला

कारच्या विम्याची ही पॉलिसी. झिरो डेप म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा कापत नाहीत, आणि एनसीबी म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांसाठी हप्त्यात मिळणारी सवलत. पॉलिसी घेतली तेव्हा चार स्टार दिले होते, जुलैत रागाच्या भरात एक केला. आता तीन.

मोशीच्या सिग्नलला थांबलो असताना मागून टेम्पो आदळला. बंपर फुटला, डिकी आत गेली. चूक शंभर टक्के त्याची. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर त्याचा विमा फेब्रुवारीतच संपलेला. पोलिसांनी दंड केला, पहिल्यांदाचा 2,000 रुपये. तो सरकारजमा, मला काय! भरपाईसाठी त्याच्या मालकाविरुद्ध दावा लावता येतो, पण बंपरसाठी कोर्टात किती वर्षं खेटे घालणार? म्हणजे आपल्याच ओन डॅमेजवर, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर, क्लेम. नुसता थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारा विमा, असता तर एक पैसाही आला नसता.

नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी उगवला आणि म्हणाला, "बंपर रिपेअर होईल." दोन तुकडे झालेला बंपर! गॅरेजवाल्यासमोर तासभर वाद घातला तेव्हा नवीन मंजूर झाला. बिल 27,600. माझ्या खिशातून 1,640 गेले: प्रत्येक क्लेममध्ये आपण सक्तीने भरायचे 1,000 आणि बाकी क्लिपा-बिपा. गाडी सहाव्या वर्षात आहे. झिरो डेप नसतं तर प्लास्टिकवर निम्मा आणि पत्र्यावर 40 टक्के घसारा कापला असता. इथे कंपनीला मानलं. दोन स्टार परत.

पण एनसीबी! पाच वर्षं एक क्लेम न करता 50 टक्क्यांवर आणला होता. नूतनीकरणाला तो थेट शून्य. चूक कोणाची, हे त्यात कोणी बघतच नाही. माझा ओन डॅमेज हप्ता सवलतीआधी 8,200. पुन्हा 20, 25, 35, 45 करत 50 वर पोचेपर्यंत एकूण 10,250 रुपये जास्त जाणार. रात्री वहीत मांडून बघितलं, बायको म्हणाली झोपा आता. या हिशोबाने दहा हजारांच्या आतलं बिल असतं तर मी क्लेमच केला नसता, आणि हे एजंटने आधी सांगायला हवं होतं.

एनसीबी प्रोटेक्ट, म्हणजे क्लेम केला तरी एनसीबी टिकवणारं जादा कव्हर, त्याने सुचवलं होतं, हे कबूल करतो. 380 रुपये होते. मीच म्हणालो, कशाला उगाच.

काल नूतनीकरणासाठी त्याचा फोन आला. म्हटलं, या वेळी ते प्रोटेक्ट टाकाच. तो म्हणाला, "काका, आता प्रोटेक्ट करायला एनसीबी आहे कुठे?"